आजीच्या ट्रंकेतली निधनवार्तांची कात्रणं: जाळायची की वाचायची?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. आजी गेल्यावर तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत वर्तमानपत्रांतल्या निधनवार्तांची चाळीसेक कात्रणं आणि बाराव्या-तेराव्याची काही छापील कार्डं निघाली. तुमच्या अंदाजानं ती १९६० ते १९८५ या काळातली आहेत. घर लालबागच्या चाळीतलं, आजोबा गिरणी कामगार, मूळ "कोकणातलं", यापलीकडे गावाचं नाव कोणाला सांगता येत नाही. आई म्हणते, "अशुभ आहे, जाळून टाक." तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: यात इतिहास म्हणावं असं काही असतं का, आणि पणजोबांचं गाव यातून सापडेल का.

जाता जाता तुम्ही असंही लिहिलंय की एका कात्रणाच्या कडेला आजीनं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, "आपल्याकडचे कोणी गेले नाही." तुम्हाला ते किरकोळ वाटलं. मला तुमच्या अख्ख्या प्रश्नात तेच सगळ्यात मोलाचं वाटलं. का, ते शेवटी सांगते, कारण त्याआधी बरंच बोलावं लागेल.

मी जिल्ह्याच्या गावी एका सार्वजनिक वाचनालयात बावीस वर्षं वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली सांभाळल्या. निवृत्तीनंतर लोकांना वंशावळी आणि कुलवृत्तांत जुळवायला मदत करते. त्यामुळे निधनवार्ता मी हजारोंनी वाचल्या आहेत. आमच्या सासूबाई सकाळी चहाबरोबर पेपर आतल्या पानावरून उघडायच्या आणि म्हणायच्या, "कोण गेलं ते बघू दे आधी." तेव्हा मला हसू यायचं. आता मीही तेच करते, फक्त पेपर पन्नास वर्षांपूर्वीचा असतो.

आईचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. मृत्यूची खबर देणारा कागद घरात ठेवायचा नाही, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असला की वाचायच्या आधीच कळायचं. पत्र उंबऱ्याबाहेर वाचायचं, फाडून टाकायचं, आंघोळ करायची. त्यामुळे लग्नपत्रिका घराघरांत मिळतात आणि दुखवट्याची पत्रं जवळजवळ कुठेच मिळत नाहीत. पुण्यातल्या घरांत आणखी एक भोक आहे: १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कागद चिखलात गेले. "ते सगळं पानशेतात गेलं" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता पुढचा प्रश्नच विचारत नाही. थोडक्यात, तुमच्या आजीनं रीत मोडून चाळीस कागद जपले, म्हणजे तिला ते कशासाठी तरी हवे होते.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. तुम्ही "इतिहास" आणि "पणजोबांचं गाव" हे दोन वेगळे प्रश्न मानता. माझ्या मते मधे एक तिसरा प्रश्न आहे आणि तो आधी सोडवावा लागतो: आजीनं नेमकी हीच चाळीस माणसं का ठेवली? त्या वीस-पंचवीस वर्षांत तिच्या ओळखीतली याहून कितीतरी जास्त माणसं गेली असणार. म्हणून पहिलं काम, कात्रणांचे ढीग करा. एक सासरच्यांचा, एक माहेरच्यांचा, एक चाळीतल्या शेजाऱ्यांचा, एक आजोबांच्या गिरणीतल्या किंवा खात्यातल्या लोकांचा, आणि कोण ते मुळीच कळत नाही अशांचा एक. हा शेवटचा ढीग सुरुवातीला सगळ्यात मोठा असेल. घाबरू नका. त्याआधी मात्र ज्या क्रमानं ट्रंकेत निघाली त्याच क्रमानं सगळ्यांचे फोटो काढून ठेवा. एकत्र घडी घातलेली, एका टाचणीत असलेली, एका पाकिटातली कात्रणं बहुधा एकाच घरची असतात, आणि एकदा ती विस्कटली की तो धागा परत मिळत नाही.

फोटो काढताना कात्रणाची मागची बाजूही घ्या. हे मी कानीकपाळी ओरडून सांगते आणि निम्मे लोक विसरतात. कात्रणावर तारीख क्वचितच असते, कारण कापताना पानाची वरची पट्टी सुटते. मागच्या बाजूला मात्र अर्धी जाहिरात, बाजारभाव, निकाल, काहीतरी असतंच. मागे महाराष्ट्र राज्य लॉटरीचा निकाल असेल तर कात्रण १९६९ च्या आधीचं नाही. किमतीत "नवे पैसे" लिहिलं असेल तर ते १९५७ नंतरच्या काही वर्षांतलं. पत्ताही बोलतो. "मुंबई १२" असा नुसता विभाग क्रमांक असेल तर बहुधा १९७२ च्या आधीचं, "मुंबई ४०० ०१२" असेल तर नक्की नंतरचं, कारण सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. (बहुधा म्हणते, कारण जुनी सवय असलेले लोक पुढेही बरीच वर्षं "मुंबई १२" च लिहीत राहिले. पिन असणं हा पुरावा, नसणं हा फक्त अंदाज.)

आता मजकूर कसा वाचायचा. नवखा माणूस वरून वाचतो: नाव, वय, कशानं गेले. मी खालून वाचते. निधनवार्तेत गेलेल्या माणसाचं आयुष्य जवळजवळ नसतंच. "मनमिळाऊ स्वभावाचे होते" हे सगळ्यांबद्दलच छापलेलं असतं. खालच्या चार ओळींत मात्र मागे राहिलेली माणसं आपण कोण, कुठले आणि कोणाचे हे जगाला सांगत असतात, आणि तिथे ती फार काळजीपूर्वक बोलतात.

अशीच लालबागची एक जाहिरात माझ्याकडे आहे, सत्तरीच्या दशकातली. नावं झाकून तिचा गाभा सांगते: आमचे तीर्थरूप अमुक यांना अल्पशा आजाराने देवाज्ञा झाली, उत्तरकार्य मूळ गावी, तालुका कणकवली, जिल्हा रत्नागिरी येथे होईल, मुंबईतील गावकऱ्यांनी अमक्या चाळीतील खोली क्रमांक १७ वर भेटावे, शोकाकुल, दोन मुलगे, एक पुतणे, एक जावई, आणि ग्रामस्थ मंडळ, मुंबई. सात ओळी. आता यातून काय निघतं ते बघा.

जाहिरात मुंबईच्या पेपरात, पण कार्य गावी. म्हणजे दहन मुंबईत झालं आणि पुढचं गावाला. मग मुंबईत जाहिरात कोणासाठी? गावाला तार गेलीच असणार, तिथे पेपर वाचून कोणाला कळायचं नव्हतं. जाहिरात होती ती परळ, शिवडी, वरळी, डिलाईल रोडच्या चाळींत विखुरलेल्या त्याच गावच्या चाकरमान्यांसाठी. आणि ती खोली क्रमांक १७ गेलेल्या माणसाच्या घराची नव्हती, हे मला नंतर कळलं. ती गावकऱ्यांची खोली होती, जिथे एकटे आलेले पुरुष पाळीपाळीनं झोपायचे आणि जिथे गावच्या देवळाची वर्गणी गोळा व्हायची. मृत्यूची जाहिरात वाचता वाचता एका गावाचा मुंबईतला पत्ता हाती लागला. आडनावं वेगवेगळी, पण खोली एकच, अशा आणखी तीन जाहिराती मला पुढे मिळाल्या आणि चारही घरं एकाच वाडीची निघाली.

दुसरं म्हणजे "तालुका कणकवली, जिल्हा रत्नागिरी". आज हे वाचून कोणी रत्नागिरीला गेला तर हात हलवत परत येईल, कारण १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला. तेव्हाचा कुलाबा आज रायगड आहे. मराठवाड्यातल्या कोणी विचारलं असतं तर लातूर (१९८२ च्या आधी उस्मानाबादेत) सांगावं लागलं असतं. कात्रणावरचा जिल्हा तेव्हाचा असतो आणि दफ्तर आजच्या तालुक्याला असतं, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

तिसरं, शोकाकुलांत पुतण्या आहे, भाऊ नाही. भाऊ आधीच गेला असेल, किंवा वाटणीवरून बोलणं बंद असेल. कोणतं खरं, ते कागद सांगत नाही. पण कोणाला विचारायचं ते सांगतो.

शब्दांकडे या, कारण इथे निधनवार्ता फार काही उघड करते, न सांगता. नावामागचं "कै." म्हणजे कैलासवासी, ते सगळ्यांनाच लागत नाही. "वै." असेल तर वैकुंठवासी, घरात माळकरी परंपरा, आणि पुढे "ह.भ.प." असेल तर कीर्तन-प्रवचनाशी थेट संबंध. "लिंगैक्य" म्हटलं की लिंगायत घर. ख्रिस्ती घरांत "ख्रिस्तवासी", मुसलमान घरांत "मरहूम" किंवा मराठी पेपरांच्या भाषेत "पैगंबरवासी". आणि "कालकथित". हा शब्द मला नेहमी थांबवतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, त्यानंतर बौद्ध झालेल्या घरांत "कै." गेलं आणि पुढे "कालकथित" आलं, तेराव्याच्या जागी "जलदान विधी" आणि "पुण्यानुमोदन" आलं. एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांच्या कार्डांत मी हा बदल पाहिला आहे: आजोबा कै., मुलगा कालकथित, आणि मधल्या एका कार्डावर दोन्ही नाही, नुसतं "दिवंगत". त्या मधल्या कार्डाच्या वेळी घरात काय चर्चा झाली असेल, याचा विचार करत मी बराच वेळ बसले होते.

विधीचं नाव प्रदेश सांगतं. कोल्हापूर-सांगलीकडे "रक्षाविसर्जन" तिसऱ्या दिवशी, वेळेसकट. पुणे-नगरकडे "दशक्रिया विधी", बहुतेक वेळा प्रवचनासह. विदर्भात "तेरवी". खानदेशात "गंधमुक्ती". मारवाडी-जैन घरांत "उठावणा". कोकणात आणि दक्षिण महाराष्ट्रात "उत्तरकार्य", किंवा बोलताना नुसतं "कार्य". तुमच्या ढिगात एखादी "गंधमुक्ती" निघाली तर ती बहुधा नात्यातली नाही, आजोबांच्या खात्यातला जळगाव-धुळ्याकडचा सोबती असेल. याला अपवाद असतात. शहरात दोन पिढ्या काढलेले लोक शेजाऱ्यांचा शब्द उचलतात, आणि पेपरातला कारकून स्वतःच्या सवयीचा शब्द घालून मोकळा होतो.

बायकांचं वाचन वेगळं आणि अवघड. लग्नानंतर आडनाव बदललेलं, पुष्कळदा पाळण्यातलं नावही बदललेलं, आणि निधनवार्तेत "अमुक यांच्या मातोश्री". मुलींची तर नुसती संख्या: "तीन विवाहित मुली". जावयांची नावं येतात, मुलींची नाहीत! पण नावामागची अक्षरं सोडू नका. "सौ." असेल तर नवरा तेव्हा हयात होता. "ग.भा.", म्हणजे गंगाभागीरथी, असेल तर नवरा आधी गेलेला. ही उपाधी बऱ्याच जणींना नकोशी होती आणि आज फारसं कोणी लावत नाही ते बरंच आहे, पण शोधणाऱ्याला तिनं एक कालरेषा दिली आहे. एखाद्या जुन्या निधनवार्तेत "माहेरच्या अमक्या" असं सापडलं तर तो कागद वेगळा ठेवा. तुमच्या आजीच्या माहेरचा धागा बहुधा अशाच एका ओळीत असेल.

या ग.भा. नी माझी एक चूक पकडून दिली होती. एका कुलवृत्तांताचं काम करताना मला एका गृहस्थांचं फोटोसह कात्रण मिळालं. वरचा भाग फाटलेला, मार्च १९६८ ची तारीख. मी मृत्यू १९६८ असं टिपलं. पुस्तक छापून आलं. मग घरातला एक पुतण्या शांतपणे म्हणाला, "ताई, तुमच्याच पान ६२ वर काकू १९६७ साली गंगाभागीरथी आहेत. काका जिवंत असताना कशा?" ते कात्रण मृत्यूचं नव्हतंच, प्रथम पुण्यस्मरणाचं होतं. "प्रथम पुण्यस्मरण" हे दोन शब्द फाटलेल्या भागात गेले होते. तीनशे प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी मी हातानं चिकटवली. तेव्हापासून नियम: फोटो मोठा आणि मजकूर थोडा असेल तर आधी पुण्यस्मरण समजायचं, मृत्यू नंतर सिद्ध करायचा.

निधनवार्ता आणखीही काही ठिकाणी फसवते. "वयाच्या ८४ व्या वर्षी" म्हणजे पूर्ण झालेली वर्षं ८३. आणि तेही मुलांच्या अंदाजानं, कारण जन्मतारीख कोणाला माहीत होती? शाळेत घालताना मास्तरांनी लावलेली १ जून घराघरांत आहे. बातमीत "काल" असेल आणि कात्रण डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी पाठवायच्या अंकाचं असेल तर तारीख एक-दोन दिवसांनी सरकते. मृत्यूचं कारण तर बहुतेक वेळा पडदाच असतो. "अल्पशा आजाराने" म्हणजे काहीही. आणि जी माणसं छापलेली नाहीत, त्यांना विसरू नका: दुसरी बायको, जातीबाहेर लग्न केलेली मुलगी, घर सोडून गेलेला मुलगा. "असा परिवार आहे" म्हणजे एवढाच परिवार आहे असं नव्हे.

सगळ्यात मोठी गळती त्याहून आधीची आहे: कोणाची निधनवार्ता छापून यायची? मोठ्यांवर अग्रलेख यायचे. न्यायमूर्ती रानडे १६ जानेवारी १९०१ ला गेले तेव्हा टिळकांनी "केसरी"त मृत्युलेख लिहिला, तो वेगळा प्रकार. सामान्य घराला शहरात ओळीच्या हिशेबानं पैसे मोजावे लागायचे, आणि तालुक्याच्या गावी बातमीदाराची ओळख लागायची. त्यामुळे जुन्या फायलींत पेन्शनर, वकील, दुकानदार, शिक्षक भरपूर आहेत. शेतमजूर बाई जवळजवळ नाही. म्हणून गिरणी कामगाराच्या घरात निघालेल्या तुमच्या चाळीस कात्रणांचं मला एवढं अप्रूप. त्या सात ओळींसाठी पगारातून पैसे निघालेले असतात, किंवा ग्रामस्थ मंडळानं वर्गणी काढलेली असते.

पणजोबांच्या गावाकडे येते. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, तेव्हा हमी देत नाही. सासरच्या ढिगातल्या सगळ्या कात्रणांत "उत्तरकार्य" कुठे होणार ते गाव एका कागदावर उतरवा. एकच गाव तीनदा आलं तर तुमचं काम जवळपास झालं. गाव नसेल, नुसतं ग्रामस्थ मंडळाचं नाव असेल, तर ती मंडळं पुष्कळदा आजही आहेत, गणपतीच्या आधी त्यांची सभा भरते, आणि तिथला एखादा म्हातारा तुमचं आडनाव ऐकून वाडीसुद्धा सांगेल.

गाव कळल्यावर कागदी पुरावा तालुक्याला. गावात जन्म-मृत्यू नोंदवायची जी जुनी वही असायची, गाव नमुना १४ म्हणतात ती, लोकांच्या तोंडी "कोतवाल बुक", ती तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असते, शिल्लक असेल तर. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधामुळे या वह्यांची बरीच झडती झाली, त्यामुळे पूर्वीपेक्षा आता त्या लवकर हाती येतात. जुन्या वह्या मोडी लिपीत असतात, वाचणारा सोबत न्या. नकलेसाठी अर्ज करताना मृत व्यक्तीचं नाव, गाव आणि वर्षांचा पट्टा द्या. "१९२० च्या सुमारास" चालत नाही, "१९१७ ते १९२३" असं लिहा.

घरातल्यांना साल सांगता येत नाही पण तिथी सांगता येते, कारण श्राद्ध तिथीला होतं. आणि कधी कधी शकही आठवतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पौषात जानेवारी लागला की ७९ मिळवायचे, हे लोक विसरतात. शके १८४० चा आश्विन म्हणजे ऑक्टोबर १९१८, पण शके १८४० चा माघ म्हणजे १९१९. आश्विन १८४० चे मृत्यू दिसले की मी दचकत नाही. ती मानमोडी, इन्फ्लुएन्झाची साथ. शिर्डीचे साईबाबा १५ ऑक्टोबर १९१८ ला, दसऱ्याच्या दिवशी गेले, म्हणून जुन्या माणसांना "बाबांनी देह ठेवला त्याच साली" असं म्हणताना ऐकलंय. एका कोतवाल बुकात मी त्या महिन्याची पानं उलटली होती. एरवी महिन्याला दोन-तीन नोंदी, आणि तिथे पानामागून पान, अक्षर घाईचं, शेवटी शेवटी कारणाच्या रकान्यात "ताप" हा शब्दही पुन्हा न लिहिता नुसत्या खुणा. त्या घरांतल्या कोणाची कुठे निधनवार्ता छापली गेली नाही.

तिथेही नाही मिळालं तर त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. घरातलं कोणी अस्थी घेऊन गेलं असेल तर त्या वहीत नाव, बापाचं नाव, गाव आणि सोबत आलेल्याची सही किंवा अंगठा असतो. तुमचे उपाध्ये गाव आणि आडनाव यावरून ठरतात, त्यामुळे गाव माहीत नसताना तिकडे जाऊन उपयोग नाही, आधी कात्रणं. आणि गरीब घरातले लोक नाशिकला पोचतच नसत. गावच्या खाडीत अस्थी सोडून मोकळे होत. गोव्याकडचं घर असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. तिथे चर्चची दफ्तरं आणि पोर्तुगीज काळातली नागरी नोंदणी आहे, आणि ते एक निराळंच काम आहे.

कागद जपण्याबद्दल दोन शब्द, कारण यात फार नुकसान होतं. सेलोटेप नको, फेव्हिकॉल नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. वर्तमानपत्राचा कागद उन्हानं आणि स्वतःच्याच आम्लानं पिवळा पडून मोडतो. मऊ पांढऱ्या कागदात सुटी सुटी ठेवा, पुठ्ठ्याच्या खोक्यात, कोरड्या जागी. टीप लिहायची तर सोबत वेगळी चिठ्ठी, पेन्सिलीनं. आणि एकेका कात्रणात हयात माणसांची नावं असतात, तेव्हा सगळं उचलून इंटरनेटवर टाकू नका. आईला त्रास होत असेल तर खोकं देवघराच्या खोलीत ठेवू नका, माळ्यावर ठेवा. आमच्या सासूबाईंनी एवढ्यावर मांडवली केली होती.

आता ती पेन्सिलीची ओळ.

आपल्याकडे लग्नात आहेराची वही असते. कोणी काय दिलं, म्हणजे आपण कोणाला काय फेडायचं. मृत्यूची अशी वही कोणी घालत नाही, पण हिशेब असतोच. कोण अंत्ययात्रेला आलं, कोण दहाव्याला, कोणी दुखवट्याचे कपडे आणले, कोण तोंडही दाखवायला आलं नाही. चाळीतल्या बाईला हा हिशेब डोक्यात ठेवावा लागायचा, कारण पुढच्या सोयरिकीच्या वेळी तो निघायचा. मला वाटतं, तुमच्या आजीची ट्रंक ही ती वही आहे. तिनं ही माणसं आठवण म्हणून नव्हे, तर कर्तव्य म्हणून ठेवली होती: यांच्याकडे जायला हवं, यांच्याकडे गेलो, यांच्याकडे आपल्याकडचे कोणी गेले नाही. बाकीच्या कात्रणांच्या कडा भिंगाखाली बघा. एखादी छोटी बरोबरची खूण, एखादा आकडा, एखादं "हे जाऊन आले" सापडेल. सापडलं तर तुमचे ढीग आजीनंच लावून ठेवलेले आहेत.

आणि ज्या कात्रणावर "कोणी गेले नाही" लिहिलंय, ते कोणत्या ढिगात पडतं ते आधी ठरवा. परक्यांकडे न गेल्याची कोणी नोंद ठेवत नाही. ते घर बहुधा तुमच्या जवळच्या भाऊबंदांचं आहे, आणि तिथे न जाण्यामागे तेव्हा काहीतरी कारण होतं. त्या कात्रणात उत्तरकार्याचं गाव छापलंय का ते पाहा. मग एखाद्या रविवारी आईऐवजी तुमच्या थोरल्या आत्याकडे जा, तो एकच कागद तिच्या हातात द्या, आणि तुम्ही काही विचारू नका. चष्मा शोधायला तिला जेवढा वेळ लागेल तेवढाच.